काठीपासून सात पावलं

माझी वहिनी त्या हिवाळ्यात अंथरुणातून उठलीच नाही. आजारी नव्हती. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. मी औषधांच्या दुकानात बसते, आजारी माणूस मला दारातूनच ओळखता येतो, आणि हिच्या अंगाला काहीच झालं नव्हतं. थंडीच्या तोंडाशी दादा गेला. माझा भाऊ, तिचा नवरा. माणसांची ये-जा होती तोवर ती उठत होती, चहा करत होती, भेटायला येणाऱ्यांनाच धीर देत होती. माणसं यायची थांबली आणि ती आडवी झाली.

माझं घर तिच्या मागच्याच गल्लीत, किल्ली माझ्याकडे. सकाळी दुकान उघडण्याआधी जायचं, खिडकी उघडायची, चहा टाकायचा, तिला बसतं करून दोन घास खायला लावायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. ‘ऊठ’ म्हटलं की ‘उठते’ म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची. मी गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं. मी जन्माची तोंडाळ. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे गावाला माहीत आहे. पोटाच्या गोळ्या मागायला येणाऱ्यालाही मी काल काय खाल्लंस ते विचारून चार शब्द सुनावते. एकदा तिलाही बोलून गेले, “तुझा एकटीचाच गेलाय का गं तो?”

“नाही गं वन्सं,” ती म्हणाली.

नणंदेला वन्सं म्हणणारं आता कोण उरलंय? लग्न झाल्यावर तिने थट्टेने सुरू केलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. एरवी त्या शब्दात खोडी असायची. त्या दिवशी नव्हती. मग मी ओरडणं बंद केलं, आणि मला भीती वाटायला लागली. ही अशीच पडल्या पडल्या संपून जाईल, आणि मी रोज सकाळी चहा टाकत राहीन, एवढंच मला दिसायला लागलं.

हिवाळा सरला. आमच्या घरांमागे शेतं आहेत, शेतांमधून एक गाडीवाट समुद्राकडे जाते, शेवटी वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यापलीकडे किनारा. दादा वसंतात रोज पहाटे या वाटेने जायचा, दुर्बीण गळ्यात आणि बगलेत काठ्यांची मोळी. त्याच्या माघारी एका सकाळी मी सहज म्हणून तिकडे गेले. शेतावर चंडोल गात वर वर चढत होता, इतका की दिसेनासा झाला तरी आवाज खाली येतच होता. टेकडीवरून पाहिलं तर ओल्या वाळूवर चिखल्यांची एक जोडी धावत होती. थोडं धावायचं, गचकन थांबायचं, पुन्हा धावायचं. मी तशीच परत फिरले, वहिनीच्या खोलीत गेले आणि चहासुद्धा न टाकता म्हणाले, “चिखल्या आलेत. काठ्या कोण लावणार?”

तिने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, “माझी चप्पल कुठेय?”

चिखल्या म्हणजे टिटवीच्या गोतातला, पण मुठीत मावेल एवढा पक्षी. रंग वाळूचा, पोट पांढरं. घरटं म्हणून काही बांधत नाही. भरतीच्या रेषेच्या वर वाळूत पोटाने एक खळगा करतो, आणि त्यात मादी अंडी घालते, तीही वाळूच्याच रंगाची, वर काळे ठिपके. आपण समोर उभे असलो तरी दिसत नाहीत. किनाऱ्यावर फिरणारी माणसं बिचारी वाईट नसतात, पण गप्पा मारत मारत नेमका तिथेच पाय देतात.

त्यावर दादाने उपाय काढला होता. तो मोजणी खात्यात होता. आयुष्यभर लोकांच्या जमिनीत खुंट्या ठोकल्या, निवृत्त झाल्यावर वाळूत ठोकायला लागला. लाटांबरोबर वाहून आलेली लाकडं आणायची, घासायची, टोकाला पांढरा रंग द्यायचा. घरटं सापडलं की तिथून जमिनीच्या बाजूला सात पावलं मोजायची आणि तिथे काठी रोवायची. म्हणजे काठी दिसली की समजायचं, हिच्यापलीकडे समुद्राच्या बाजूला जायचं नाही. अंतर सगळीकडे सारखं, दिशा सगळीकडे सारखी. “निशाणी एकसारखी नसेल तर ती निशाणी कसली?” असं त्याचं म्हणणं. पक्षिमंडळाचे अध्यक्ष, आमचे दातांचे डॉक्टर, यांनी तर या काठ्यांवर भाषण दिलं होतं आणि शेजारच्या दोन किनाऱ्यांवरही तशाच काठ्या लावल्या होत्या. दादा आठवडाभर मान ताठ ठेवून हिंडत होता.

वहिनीने त्याच्याच काठ्या काढल्या. पहिलं घरटं सापडलं तेव्हा ती खळग्यापासून जरा बाजूला उभी राहिली, टेकड्यांकडे तोंड केलं आणि उडीच मारली.

“अगं, काय करतेस?”

“त्यांचं पाऊल केवढं होतं, माझं केवढंय? सात म्हणजे त्यांची सात.”

दादा ताडमाड, ही त्याच्या खांद्याला कशीबशी. प्रत्येक पावलाला ती हात पसरून टांग टाकत होती, वाळूत रुतत होती, पुन्हा सावरत होती. मला हसू आवरेना. चौथ्या-पाचव्या उडीला तीही हसायला लागली, तशीच हसत सातवं पाऊल टाकलं आणि धापा टाकत काठी रोवली. त्या हिवाळ्यात मी तिचा तो आवाज विसरूनच गेले होते.

तेव्हापासून ती उठायला लागली. मी किल्ली फिरवायच्या आत दार उघडं असायचं आणि ही बाई दुर्बीण पुसत उभी. आणखी जोड्या आल्या, आणखी घरटी झाली, प्रत्येकापाशी काठी. दुपारी जेवायची, चक्क भूक लागली म्हणायची. मी दुकानात बसून निवांत श्वास घ्यायला लागले.

मग एक घरटं रिकामं झालं. दोन दिवसांनी दुसरं, मग आणखी एकेक. खळगा तसाच, अंडी नाहीत.

“कुत्री,” वहिनी म्हणाली. दादाही हेच म्हणायचा. दरवर्षी त्याची घरटी अशीच जायची आणि दरवर्षी तो कुत्र्यांवर, फिरायला येणाऱ्यांवर आणि किनाऱ्यावर धावणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांवर राग काढायचा. वहिनीने मास्तरांना गाठून फैलावर घेतलं. ते बिचारे हाफचड्डीत उभे राहून शपथेवर सांगत होते की मी काठीच्या अलीकडूनच पळतो. मला त्यांची दया आली आणि म्हटलं, आपणच एकदा डोळ्यांत तेल घालून बसू, चोर कोण ते बघू. वहिनी घरी नाश्ता करत होती तेव्हा मी टेकडीवरच्या गवतात आडवी झाले.

कुत्रं आलंच नाही. कावळा आला.

तो उडत उडत सरळ काठीवर येऊन बसला. चोच काठीला दोन्ही बाजूंनी पुसली. मग खाली उतरला आणि समुद्राकडे तोंड करून चालायला लागला. इकडे नाही, तिकडे नाही, सरळ. चिखल्याची मादी खळग्यातून उठली, पंख मोडल्याचं सोंग करत फरफटत लांब गेली, कारण कोणी जवळ आलं की त्याला आपल्या मागे लावायचं एवढंच तिला ठाऊक. कावळ्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. जिथे थांबायचं तिथे तो थांबला, एक अंडं चोचीत धरलं आणि गेला. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी आला, तेव्हाही आधी काठीवरच बसला.

मी गवतात पडून राहिले. माझ्या भावाने इतकी वर्षं माणसांना शिकवलं, मंडळाला शिकवलं, मास्तरांना शिकवलं. पण त्याची सात पावलं मन लावून शिकला तो हा एकटा कावळा. निशाणी एकसारखी होती ना. दादाच्या काठ्या घरटी राखत नव्हत्या, दाखवत होत्या, आणि हे आजचं नव्हतं.

आता एकच घरटं उरलं होतं, किनाऱ्याच्या पार दक्षिणेच्या टोकाला, जिकडे कावळा अजून पोचला नव्हता. तिथेही काठी होती. बोलले नाही तर तेही जाणार. बोलले तर वहिनी कशासाठी उठणार? नवऱ्याच्या हातचं काम आपण पुढे चालवतोय, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती. दुकानात त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, खोकल्याचं औषध मागणाऱ्याला मी मलम काढून दिलं आणि तोच मला हसून म्हणाला, “ताई, हे प्यायचं का?” एरवी मी त्याला चांगलं उत्तर दिलं असतं. मी मलम परत ठेवून बाटली काढली.

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात मी सगळं सांगून टाकलं. दुसरं मला येतच नाही.

तिने हातातली ताटली ओट्यावर ठेवली. “तुला ह्यांच्यात खोट काढायची सवयच आहे.”

“वहिनी, मी डोळ्यांनी पाहिलं.”

“एकदा पाहिलंस. कावळा बसतो काठीवर, बसायला जागा आहे म्हणून. मग दिसली असतील अंडी.” तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. “रिकामी काठी लाव. जिथे घरटं नाही तिथे. तिथे तो आला आणि चालला, तर मानीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच काठी रोवली, मोकळ्या वाळूत. आम्ही दोघी टेकडीवर पोटावर पडून राहिलो. भुकेलेल्या सुरय पक्ष्यांचा गोंगाट चालला होता, पाण्यावर सूर मारून ते मासे टिपत होते, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते की कावळ्या, आज येऊ नकोस. मीच खोटी ठरू दे.

तो आला. काठीवर बसला, उतरला आणि समुद्राकडे चालत गेला. दादाच्या सात पावलांवर थांबून चोचीने वाळू उकरायला लागला. काही मिळेना. तेव्हा तो मागे काठीपाशी गेला आणि तिथून नव्याने चालत आला. त्याला दादाच्या मोजमापाबद्दल शंका नव्हती, स्वतःच्याच चालण्याबद्दल होती. पुन्हा त्याच जागी उकरलं. वहिनी दुर्बिणीतून बघत होती. दुर्बीण तिने खाली घेतलीच नाही, कावळा उडून गेल्यावरही नाही.

“किती वर्षं लावल्या गं ह्यांनी काठ्या?” शेवटी तिने विचारलं.

तिला माहीत होतं.

ती उठली आणि खाली जाऊन काठी उपटली. मग सगळ्या किनाऱ्याने फिरून एकेक काठी उपटली, शेवटच्या घरट्यापाशीचीही. मी मागे मागे होते, पण मोळी तिने मला उचलू दिली नाही. घरी आल्याबरोबर तिने दातांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पलीकडून बरंच काही बोलत असावेत, कारण ती नुसती ऐकत होती. मग म्हणाली, “नाही डॉक्टर, काढून टाका सगळ्या. आजच काढा. ह्यांचं चुकलं होतं.” फोन ठेवून ती खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

मी रात्री नीट झोपले नाही. पहाटे गेले तर दार सताड उघडं आणि अंथरूण रिकामं. गाडीवाटेने जवळजवळ पळत समुद्रावर गेले, मास्तरांच्या वरताण पळत.

ती दक्षिणेच्या टोकाला बसली होती, घरट्यापासून चांगली लांब, टेकडीच्या पायथ्याशी. घरट्याकडे आणि समुद्राकडे तिची पाठ होती. तोंड शेतांकडे.

“इथे काय करतेस?”

“राखण.”

“अशी? पाठ करून?”

“कावळ्याला काठी कळते, तर माणसाची नजर कळत नसेल? मी जिथे बघेन तिथे तोही बघेल,” ती म्हणाली. “आता बघायचं नाही. कोणी चालत आलं तर इथूनच हाक मारून वरच्या अंगाने जायला सांगायचं, कारण विचारलं तर काहीही सांगायचं. घरट्याकडे मान वळवायची नाही. तू येताना खालून चालत येशील ना, तेव्हा न थांबता एकदा नजर टाकायची आणि मला सांगायचं. बस तेवढंच.”

मग आमचा तो नेम झाला. पहाटे मी ओल्या वाळूवरून चालत यायचे, डोळ्याच्या कोपऱ्यातून खळग्यात बसलेली मादी टिपायचे आणि वहिनीशेजारी टेकून म्हणायचे, “आहे.” ती मान हलवायची. दुकान उघडायच्या वेळेपर्यंत मी बसायचे, ती ऊन चढेपर्यंत. समुद्रावर येऊन समुद्राकडे पाठ करून बसणाऱ्या आम्ही दोघीच. येणारे जाणारे आमच्याकडे बघून हसायचे.

पण शेतं काय सुंदर दिसायची. इतकी वर्षं त्या वाटेने गेलो आणि कधी थांबून पाहिलं नव्हतं, सगळी घाई पाण्याकडे. चंडोलाची मादी बांधाशी कुठेतरी चारा घेऊन उतरायची, पण सरळ घरट्याकडे नाही, आधी लांब उतरून गवतातून चालत जायची. पाकोळ्या ओल्या जमिनीवरून चिखलाची गोळी चोचीत घेऊन गोठ्याच्या आढ्याकडे जायच्या. वहिनी सगळं टिपत असायची. आणि टिपता टिपता दादाला बोलायची. मी तिच्या तोंडून त्याच्याविषयी उणा शब्द कधी ऐकला नव्हता, आणि आता तिला थांबवता येईना. कोणाचं ऐकून घ्यायचे नाहीत. मोजलं म्हणजे झालं, पुन्हा बघायला नको. त्या कुत्र्यांना किती दगड मारले. मास्तरांशी बोलणं टाकलं. छातीत दुखत होतं तेही स्वतःच मोजून ठरवलं, किती दुखतंय आणि किती दिवस थांबायचं ते, डॉक्टरकडे म्हणून गेले नाहीत. मी माझ्या भावाची बाजू घ्यायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. त्या दुखण्याच्या गोळ्या तो माझ्याच दुकानातून नेत होता आणि पाठीसाठी म्हणून सांगत होता.

मग उधाण आलं. त्यात रात्रभर वारा होता. पहाटे मी चालत आले तर ओलीची रेषा टेकडीच्या पायापर्यंत गेलेली, शेवाळ आणि फेस सगळीकडे पसरलेला. जिथे खळगा होता तिथे वाळू गुळगुळीत झाली होती. चिखल्यांची जोडी लांब पाण्याच्या कडेला धावत होती, थोडं धावायचं, थांबायचं, पुन्हा धावायचं. कावळा नाही, कुत्रं नाही, मास्तर नाहीत. समुद्र आला आणि घेऊन गेला.

वहिनी तिच्या जागी बसली होती, जरा वर सरकून, कारण तिची नेहमीची वाळूही ओली झाली होती. तिला कळायला हवं होतं. पण पाणी कुठवर गेलं ते बघायला मान वळवावी लागली असती, आणि ती वळवत नव्हती.

मी तिच्यापर्यंत चालत गेले तेव्हा सांगायचंच ठरवलं होतं. शेजारी बसले. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी झाली होती, नाकाचा शेंडा उन्हाने लाल झाला होता.

“आहे,” मी म्हणाले.

त्यानंतर रोज म्हणाले. चिखल्याचं एक घरटं गेलं की जोडी कधी कधी दुसरीकडे नव्याने अंडी घालते, म्हणून मी येता जाता सगळा किनारा धुंडाळत होते. नवं घरटं मिळालं असतं तर त्याच्यासकट खरं सांगितलं असतं. मिळालं नाही. एक दिवस ती जोडीही दिसेनाशी झाली. मी “आहे” म्हणायचे, आणि आम्ही दोघी मोकळ्या वाळूला पाठ करून तिची राखण करत बसायचो.

अंडी उबायला तीन-साडेतीन आठवडे लागतात. पिल्लं बाहेर आली की अंग वाळायचा अवकाश, त्याच दिवशी धावत निघून जातात. तेव्हा रिकामा खळगा म्हणजे वाईटच असं नाही. मी ठरवलं होतं की तो दिवस आला की म्हणायचं, गेली पिल्लं, मी पाहिली. मग सगळं सुरळीत. पण त्या सकाळी मी शेजारी बसायच्या आतच वहिनी उठली, कपड्यांची वाळू झटकली आणि म्हणाली, “आज बघायला हरकत नाही.”

“मी बघून आले. गेली सगळी.”

“गेली ना? मग कावळ्याचं भय नाही. चल.”

ती सरळ त्या जागी गेली आणि गुडघ्यांवर बसली. पिल्लू बाहेर येतं तेव्हा अंड्याच्या कवचाचे कण खळग्यात पडतात, तांदळाच्या कणीएवढे. वाळू बोटांनी हलकी चाळली की सापडतात. माणसं चुकीचं सांगतील, कण खोटं सांगत नाहीत. ती चाळत राहिली. इथे, मग वीतभर तिकडे, मग पुन्हा इथे. मी उभी होते. चाळता चाळता तिच्या बोटांना वाळूखालचं शेवाळ लागलं, कुजून काळं पडलेलं. तिने ते बाहेर काढून हातात धरलं.

“उधाणात गेलं,” ती म्हणाली.

“हो.”

“म्हणजे त्यानंतर रोज...”

“हो.”

“रोज ‘आहे’ म्हणालीस.”

“म्हणाले.”

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “वन्सं, तुला खोटं बोलता येतं?”

“मलाही माहीत नव्हतं,” मी म्हणाले.

मला वाटलं ती चिडेल. ती शेवाळ वाळूवर ठेवून त्याच्याकडेच बघत राहिली. “काठी होती तेव्हाही गेलं,” ती हळू म्हणाली. “काढली तरी गेलं. आणि मी इथे बसून इतके दिवस ह्यांना बोल लावत होते. रोज. त्यांना उत्तर तरी देता येतंय का गं?” तिचा चेहरा वेडावाकडा झाला. “काठ्यांचा राग नव्हताच मला. ते गेले, त्याचा आहे. मला न विचारता गेले.”

आणि ती रडली. दादा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आवाज काढून, नाक गळत, दोन्ही हात वाळूत रोवून ती रडली. मास्तर धावत येत होते, ते लांबूनच वळले आणि वरच्या अंगाने निघून गेले. मी खाली बसले आणि तिची पाठ थोपटत राहिले.

परत येताना ती दोनदा अडखळली. मी हात धरला. गाडीवाटेवर दुतर्फा गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि चंडोल अजून गातच होते, पण आमच्यापैकी कोणीही वर पाहिलं नाही. दारापाशी येऊन ती थांबली.

“उद्या मला उठवायला येऊ नकोस.”

“का?”

“उद्या झोपणार आहे मी.”

“वहिनी, पुन्हा तसं...”

“तसं नाही गं. तेव्हा मी झोपत नव्हते. सगळा हिवाळा जागी होते, नुसती डोळे मिटून पडलेली.” तिने ओल्या हाताने माझा गाल पुसला, तेव्हा मला कळलं की माझाही ओला होता. “आता झोप येतेय.”

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. दुकान उघडलं, गोळ्या दिल्या, एकाला चार शब्द सुनावले. दुपार झाली तशी माझं चित्त थाऱ्यावर राहीना. शटर अर्धं ओढलं आणि तिच्या घरी गेले. दार बंद होतं, खिडकी बंद होती. किल्ली काढली, कुलपाशी नेली आणि थांबले. आतून घोरण्याचा आवाज येत होता. चांगला मोठा, बाहेर पायरीपर्यंत ऐकू येणारा.

मी किल्ली परत पिशवीत टाकली. करायला काहीच उरलं नव्हतं. चहा टाकायचा नव्हता, तिला उठवायचं नव्हतं, कोणाला ‘आहे’ म्हणून सांगायचं नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले, आणि माझा भाऊ गेला आहे हे त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं. मग मी माझ्या दादासाठी रडले, तिची झोप मोडणार नाही इतक्या हळू.